तीस वर्षांचा कप्पा

प्रिय कुंदे,

फोनवर सांगण्यासारखं नाही. हे सतत घरात असतात आणि ह्यांचे कान अजून तिखट आहेत, म्हणून पत्र लिहायला बसले. तब्येती ठीक. माझा गुडघा होता तसाच, ह्यांचं बीपी गोळीवर. ते झालं.

मागच्या मंगळवारी हे सकाळी पाव आणायला गेले ते चांगले तासाभराने आले. पाव आणि एक घडी घातलेला कागद ओट्यावर ठेवला आणि काही न बोलता टोमॅटोच्या रोपांकडे निघून गेले. मला वाटलं पाणीपट्टीचं काहीतरी असेल. चष्मा लावून वाचलं. इथे फ्रान्समधल्या आमच्या गावच्या दफनभूमीत मागच्या बाजूला अस्थिकलश ठेवायला दगडी कप्पे बांधलेत, त्यातला एक कप्पा तीस वर्षांच्या कराराने आमच्या दोघांच्या नावावर! खाली मेअरची सही, शिक्का, पैसे भरल्याची पावती. कुंदे, सोफा घ्यायचा तर हा माणूस मला दुकानांमागून दुकानं फिरवतो, कापडाला हात लावून बघायला लावतो. आणि हे मला न विचारता.

मी बाहेर जाऊन विचारलं, "हे काय आहे?" तर म्हणाले, "पंधरा, तीस आणि पन्नास वर्षांचे होते. पन्नास जास्त वाटले."

आता हे कुठून आलं ते सांगते. अक्रोडवाली आजी मार्चमध्ये गेली. तू आलीस तेव्हा तिनेच तुला तेलाची बाटली दिली होती आणि तू ती विमानात फुटेल म्हणून तीन टॉवेलांत गुंडाळली होतीस. तिच्या अंत्यविधीला सगळं गाव लोटलं. पाववाल्याने दुकान बंद ठेवलं. चर्चमध्ये कधी पाय न टाकणारे म्हातारे बाहेर टोप्या हातात धरून उभे होते. शेवटी एकेक जण पुढे जाऊन पेटीवर पाणी शिंपडत होता. हेही गेले, शिंपडलं, पेटीवर क्षणभर हात ठेवला. येताना वाटेत चकार शब्द नाही. रात्री जेवताना एकदम म्हणाले, "पुण्यात मला आता कोण ओळखतं? आपल्याच सोसायटीचा वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय?"

ह्यांचं इथे किती रुजलंय ते मला दिसतं गं. आमचे पासपोर्ट ब्रिटिश, म्हणून ब्रेक्झिटनंतर आमचं इथलं मत गेलं. तरी यंदा मार्चमध्ये गावची निवडणूक झाली तेव्हा मोजणी सगळ्यांसमोर होते म्हणून हे संध्याकाळी जाऊन उभे राहिले, आणि एकेक चिठ्ठी वाचली जात असताना असे ताठ, जसे स्वतःच उभे आहेत निवडणुकीला. आता हॉर्नेटचं वेड लागलंय. ही आशियातली गांधीलमाशी २००४ च्या सुमाराला इथून जवळच, लोत-ए-गारोन जिल्ह्यात, चिनी मातीच्या भांड्यांच्या मालातून आली म्हणतात आणि सगळ्या फ्रान्सभर पसरली. मधमाश्या खाते. वसंतात तिच्या राण्या एकेकट्या फिरत असतात, तेव्हाच धरायच्या. हे प्लास्टिकची बाटली कापून, तिचं तोंड उलटं बसवून, आत बिअर, व्हाइट वाइन आणि काळ्या मनुकांसारख्या त्या कासीस फळाचं सरबत ओततात. वाइन असली की मधमाश्या तिकडे फिरकत नाहीत. आयुष्यात थेंब न प्यायलेला माणूस आठवड्याला बिअर आणतो, दुकानातली मुलगी डोळे मिचकावते.

आणि खरं सांगायचं तर मलाही इथला वसंत आवडतो. फेब्रुवारी सरताना क्रौंच ओरडत उत्तरेला गेले, जवळच्या रिबेराक गावच्या बाजारात आता स्ट्रॉबेरी आलीय, रस्त्याच्या कडेचं गवत उशिरा कापतात म्हणून त्यात जांभळी ऑर्किडं उभी आहेत. अक्रोडाला मात्र सगळ्यांच्या शेवटी पालवी. टोमॅटो अजून कुंड्यांतच आहेत, कारण ११ ते १३ मे हे बर्फाच्या संतांचे दिवस गेल्याशिवाय इथे कुणी रोप जमिनीत लावत नाही. रात्री नाइटिंगेल इतका गातो की खिडकी लावावी लागते.

पण मग माझं काय, कुंदे? हे आधी गेले तर? गावचे डॉक्टर निवृत्त झाले. दारावर चिठ्ठी लावून गेले, त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. रिबेराकमध्ये विचारलं तर नवे पेशंट घेत नाहीत म्हणाले. बसचं नाव काढू नको. गाडी मी किती वर्षं चालवणार? हिवाळ्यात रात्री रस्त्यावरचे दिवेसुद्धा बंद करतात, वीज वाचवायला. मग त्या अंधारात मी, चुलीतली लाकडं आणि बाराखडीतल्यासारखं माझं फ्रेंच. एवढी सगळी माणसं चांगली आहेत, पण ताप आला की मला मऊ भात खावासा वाटतो आणि मराठीत कण्हावंसं वाटतं.

आणि कप्प्यावर हे थांबले नाहीत. आता कोथरूडचा फ्लॅट विकायचा म्हणतात. मे महिन्यात इथे कराचा फॉर्म भरायचा असतो, त्यात पुण्याचं भाडं दाखवा, पुण्याचं बँकखातं ३९१६ नंबरच्या फॉर्मवर लिहा, विसरलं तर खात्यामागे १५०० युरो दंड. "दरवर्षी ही कटकट कशाला? तेवढ्यात इथलं छप्पर होईल." मी म्हटलं, गळू दे छप्पर. तो फ्लॅट म्हणजे मी एकटी पडले तर जायची माझी जागा आहे. तू तेव्हा लिफ्ट नाही म्हणून केवढी भांडली होतीस माझ्याशी, दिवाळीला फराळसुद्धा पाठवला नव्हतास! मी तरीही घेतला, कारण तुझ्या गॅलरीतून माझी गॅलरी दिसते. हे मी ह्यांना कसं सांगू?

रात्रभर बसून सगळं वाचून काढलं. २००८ च्या कायद्यापासून इथे कलश घरात ठेवता येत नाही. भारतात न्यायचा तर प्रीफेक्चरची, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीची, परवानगी काढावी लागते. काढता येते, म्हणजे नाशिक अशक्य नाही. आणि इथेच मला तू हवी आहेस. सासूबाईंच्या अस्थी घेऊन आपण रामकुंडावर गेलो होतो, तू होतीस, भाऊजी होते. पायरीवर बसून हे म्हणाले होते, "माझंही इथेच करा." मी परवा आठवण दिली तर म्हणतात, "मी असं म्हणालोच नाही." भाऊजी तर आता राहिले नाहीत. तुझ्याशिवाय साक्षीला कुणी उरलं नाही. तुला कुणाच्या लग्नात कोण काय नेसलं होतं इथपर्यंत आठवतं, तेव्हा हे आठवून सांग. ते म्हणाले नसतील, मीच मनाचं धरून बसले असेन, तर तसंही लिही. पण माझी समजूत काढायला खोटं लिहू नकोस.

पोरांना मी यातलं काही बोलले नाही. ती लगेच इंग्लंडला, लेस्टरला परत या म्हणतील आणि तिथे तर मला मुळीच जायचं नाही.

तुझं कसं चाललंय? दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू पावसाळ्याआधी काढून घे. नातू रांगायला लागला असेल. सूनबाईला डिंकाचे लाडू आवडले का? गच्चीच्या गळतीचं सोसायटीने काही केलं की नुसत्याच मीटिंगा?

ह्यांनी एजंटला फोन केला असेल तर तो फ्लॅट बघायला किल्ली मागायला येईल. देऊ नकोस. मी सांगितलंय म्हण, हवं तर मी रागावलेय म्हण. आणि फोन शुक्रवारी कर, हे बाजारात असतात. इथे सकाळचे दहा म्हणजे तुझा दुपारचा दीड, तेव्हा त्या दिवशी वामकुक्षी जरा उशिरा घे.

तुझी,
नली