दुखण्याची सापशिडी

महोदय,

3 महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनाट म्हणतात. माझी कंबर 11 वर्षं दुखतेय. दुखणं कसं सांभाळावं याची पत्रकं वाचून काही उमगलं नाही. शेवटी नातवाच्या सापशिडीवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ‘आज बरं वाटतंय’ म्हणून माळ्यावरचे सगळे डबे घासले, की 97 वरचा साप थेट 12 वर. म्हणजे 3 दिवस अंथरूण. 20 मिनिटं काम, मग पाठ टेकली, की छोटी शिडी. यजमान खेळले तेव्हा त्यांना कळलं, मी दुपारी आडवी का होते! (डबे अजून मीच घासते.) दुखणं समजावणारे असे खेळ मराठीत कुणी बनवले, तर त्यांनी संधिवाताने बोटं आखडलेल्यांना आधी खेळायला बसवावं. आणि खेळीला वेळेची मर्यादा लावू नये.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली