जाहीर सूचनेखाली फाइलचा हॅशही छापावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात येणाऱ्या जाहीर सूचनांचा शेवट हल्ली बहुधा एकाच वाक्याने होतो : सविस्तर माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. भरतीची जाहिरात असो, निविदा असो, प्रवेशाचे वेळापत्रक असो की एखाद्या अनुदान योजनेतील लाभार्थ्यांची यादी, मूळ कागद म्हणजे आता एक पीडीएफ फाइल असते. ती संकेतस्थळावरून स्वतः डाउनलोड करणारे थोडेच. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या खेड्यापाड्यांत ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून, सेवा केंद्रचालकाच्या पेन ड्राइव्हमधून किंवा पुण्याला शिकणाऱ्या भाच्याकडून येते. हाती आलेली फाइल मूळचीच आहे का, मधल्या मध्ये कोणी तारीख, नाव किंवा खाते क्रमांक बदलला नाही ना, हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन त्या सूचनेत नसते. ते देणे अगदी सोपे आहे आणि त्यात वृत्तपत्राचा वाटा मोठा आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कोणत्याही फाइलवर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया चालवली की ६४ चिन्हांची एक ओळ मिळते. तिला हॅश म्हणतात. फाइल दोन पानांची असो वा दोन जीबीची, ओळ तेवढीच असते, आणि तिच्यात शून्य ते नऊ हे अंक व ए ते एफ ही सहा इंग्रजी अक्षरे यांखेरीज काही नसते. मी चोपडा तालुक्यात संगणकाचे वर्ग घेतो. तिथे विद्यार्थ्यांना नोटपॅडमध्ये ‘रावेर, केळी, १०० घड’ एवढेच लिहून फाइल जतन करायला सांगतो आणि तिचा हॅश वहीत उतरवून घ्यायला लावतो. मग शंभराचे एकशे एक करून पुन्हा हॅश काढला, की पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत कसलेही नाते दिसत नाही. फाइलचे नुसते नाव बदलले तर मात्र ओळ जशीच्या तशी राहते, कारण हॅश आतल्या मजकुराचा असतो. विंडोजमध्ये यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासूनच असते, आणि लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवरही तशी सोय असते. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज गेल्यामुळे किंवा मध्येच वीज गेल्यामुळे अर्धवट उतरलेली फाइलही तिचा हॅश मूळ फाइलच्या हॅशशी ताडून पाहिला की लगेच उघडी पडते.

मग संकेतस्थळावरच, फाइलशेजारी हॅश दिला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. तो जरूर द्यावा, पण तेवढ्यावर विसंबता येत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या प्रसिद्ध प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडच्या दुव्यामागे मागचे दार, म्हणजे संगणकात गुपचूप शिरण्याची चोरवाट, ठेवलेली फाइल लावली गेली. ज्याच्या हाती असे पान लागते, त्याला त्याच पानावरचा हॅश बदलायला कितीसा वेळ लागणार? आपल्याकडे कापसाची गाडी व्यापाऱ्याच्या काट्यावर मोजून झाली तरी शेतकरी ती खात्रीसाठी बाहेरच्या धर्मकाट्यावर नेतो. तपासणीचे माप दुसऱ्याच्या ताब्यात असावे लागते.

छापील वृत्तपत्र हे असे दुसरे माप आहे. सकाळी घरोघर पडलेला अंक संध्याकाळी कोणालाही बदलता येत नाही. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतील श्युरिटी ही कंपनी १९९५ पासून आपल्याकडे नोंदवलेल्या दस्तऐवजांचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छोट्या जाहिरातीच्या रूपाने दर आठवड्याला छापत आली, ती याच कारणासाठी. आपल्या जिल्ह्यांतल्या कार्यालयांना, नगरपालिकांना, बाजार समित्यांना आणि महाविद्यालयांना एवढे मोठे काही करायचे नाही. ज्या फाइलची सूचना, त्या फाइलचा हॅश त्याच सूचनेच्या तळाशी द्यायचा, इतकेच.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण अर्धवट विश्वास फार महागात पडतो. हॅश जुळला म्हणजे फाइल मूळ प्रकाशकाने दिली तशीच आहे, एवढेच सिद्ध होते; ती निर्धोक आहे, हे होत नाही. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या सॉफ्टवेअरची बाधित आवृत्ती खुद्द कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवरून, कंपनीच्या वैध डिजिटल स्वाक्षरीसह वितरित झाली आणि वीस लाखांहून अधिक लोकांपर्यंत पोहोचली. आणि लग्नपत्रिका, आरटीओ चलान किंवा पीएम किसान अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके (मोबाइलवर ॲप बसवणाऱ्या) फाइलींना तर ताडून पाहण्याजोगा मूळ प्रकाशकच नसतो. त्या एसएमएस वाचण्याची परवानगी मागतात, ती मिळाली की बँकेचा ओटीपी चोराच्या हाती जातो. तिथे तपासत बसू नये, फाइल उघडूच नये. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

पीडीएफवर डिजिटल स्वाक्षरी करणे हा याहून भक्कम उपाय आहे आणि कार्यालयांनी तोही करावा. पण मोबाइलवरची बरीच ॲप्स ती स्वाक्षरी तपासतच नाहीत, आणि ई-आधारवरचे पिवळे प्रश्नचिन्ह तसेच ठेवून प्रिंट काढलेले कागद आपण सगळे रोज पाहतो. प्रिंट काढली की स्वाक्षरीची तपासणी संपलीच.

छपाईबाबत दोन सूचना. ६४ चिन्हे सलग न छापता चार-चारचे सोळा गट करावेत, म्हणजे वाचणाऱ्याची नजर चुकत नाही. आणि कार्यालयाने ती ओळ हाताने न टंकता कॉपी करूनच जाहिरात विभागाकडे पाठवावी. तरीही एखादे चिन्ह चुकीचे छापले गेले, तर घाबरण्याचे कारण नाही : फाइल बदलली असती तर जवळजवळ सारी ओळच बदलली असती, त्यामुळे त्रेसष्ट चिन्हे जुळून एकच न जुळणे हा छपाईचा दोष समजून कार्यालयाला फोन करता येतो. लोकांनीही फाइल पुढे पाठवताना तिचा स्क्रीनशॉट किंवा फोटो पाठवू नये, ‘डॉक्युमेंट’ म्हणून मूळ फाइलच पाठवावी, नाहीतर ताडून पाहायला काहीच उरत नाही.

आपल्या जाहिरात विभागाने सूचना स्वीकारतानाच ‘फाइलचा एसएचए-२५६ हॅश’ असा एक रकाना अर्जात ठेवावा, आणि त्या एका ओळीचा वेगळा दर आकारू नये, अशी विनंती आहे. येत्या प्रवेशांच्या सूचनांपासून हे सुरू झाले तर सर्वांत जास्त उपयोग विद्यार्थ्यांना होईल.

आपला,
एक संगणक शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव