शोरूमला डिटेलर हवा असेल तर डिटेलर म्हणूनच घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातली पोरं मुंबईला नाहीतर गोव्याला जातात, इथे काम नाही, अशी पत्रं तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि ती खरीच असतात, पण इथल्या एका कामाबद्दल कोणीच लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. गाड्यांचं डिटेलिंग, म्हणजे गाडी आतून-बाहेरून खोलवर साफ करणं, पॉलिश करणं आणि तिचा रंग जपणं. मी कुडाळ तालुक्यातला, आधी घरच्या खळ्यात हौस म्हणून करायचो, आता जिल्ह्यातल्याच एका शोरूममध्ये तेच काम करून पगार घेतो. शोरूमचं नाव लिहीत नाही, नोकरी टिकवायची आहे.

आपल्याकडे डिटेलिंग म्हणजे पाइप मारून गाडी धुणं असंच वाटतं लोकांना. मी शोरूमला लागलो तेव्हा वाडीत चर्चा झाली, शिकान सवरान झील गाडी धुवक गेलो म्हणून. आता काय बोलणार. पण आपल्या भागात तर हे काम पुण्या-मुंबईपेक्षा जास्त लागतं. जांभ्याची लाल धूळ रोज गाडीवर बसते आणि सकाळी उठून आपण कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतो, त्या धुळीत बारीक कण असतात ते घासले जाऊन रंगावर गोल गोल जाळी पडते, काळी गाडी उन्हात उभी करून बघा लगेच दिसेल. वरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षा पण पातळ. उन्हापासून रंग वाचवणारा थर तोच. जाळी घालवायला पॉलिशचं मशिन मारलं की त्यातलाच थोडा जातो. म्हणून जो पॉलिशवाला दर सर्व्हिसला कंपाउंड (रंग घासायची पेस्ट) मारून गाडी चमकवून देतो तो खरं तर तुमचा रंग संपवतोय, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

आणि नुसता रंग नाही. आंब्याफणसाच्या झाडाखाली गाडी लावायची सवय आपल्याला, पाला वायपरखालच्या जाळीत जाऊन कुजतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पावसात तेच पाणी आत कार्पेटखाली उतरतं. मग वास, मग बुरशी. दाराच्या खालच्या कडेला पण अशीच भोकं असतात, ती मातीने बंद झाली की दार आतून गंजायला लागतं आणि बाहेर फुगवटा दिसेपर्यंत कळत नाही. समुद्राजवळ राहणाऱ्यांचं तर विचारूच नका. तारकर्लीला वाळूत गाडी घालून फोटो काढणारे पर्यटक येतात, भाड्याची गाडी परत येते तेव्हा खालून खाऱ्या पाण्याने भिजलेली, ती त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुतली नाही तर चार पावसाळ्यांत काय होतं ते गॅरेजवाल्यांना विचारा. मासळीचा तर वेगळाच धडा लिहावा लागेल, डिकीत बांगड्याची पिशवी गळली की माणसं वर परफ्युम टांगतात, म्हणजे बांगडा आणि गुलाब दोन्ही. तिथे परफ्युमचा काहीच उपयोग नाही, कार्पेट बाहेर काढून खालचा फोम धुवून एन्झाइमवालं क्लीनर वापरावं लागतं आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावं लागतं.

मी शिकलो ते बरंचसं चिपळूणला. 22 जुलै 2021 चा वाशिष्ठीचा पूर सगळ्यांना आठवत असेल, मामाकडे मदतीला गेलो होतो, तिथे गाड्यांमध्ये सीटपर्यंत चिखल होता. आधी बॅटरी काढायची, मग सीट सोडवायच्या, सीटखाली पिवळा कनेक्टर दिसला तर ती एअरबॅगची वायर, तिला उगाच हात लावायचा नाही, हे तिथल्या एका वायरमनने दाखवलं. बाकी दोन बादल्यांची पद्धत (एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खळबळवायचं साधं पाणी), क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी), मायक्रोफायबर वगैरे व्हिडिओ बघून बघून. मग शेजाऱ्यांच्या, मास्तरांच्या, डॉक्टरांच्या गाड्या. फोटो काढून ठेवायचो, आधीचा आणि नंतरचा.

ते फोटो घेऊन शोरूमला गेलो. वर्क्स मॅनेजरनी मोबाइल हातात पण घेतला नाही. एक्स्चेंजला आलेली काळी गाडी होती तिच्या बॉनेटवर मधोमध टेप लावली आणि म्हणाले अर्धं करून दाखव. करत असताना दोनच गोष्टी विचारल्या, किती वेळ लागेल आणि मशिन कुठे मारणार नाहीस. दुसरं उत्तर माझ्याकडे होतं, कडांवर आणि बॉडी लाइनवर नाही कारण तिथे थर पातळ असतो, आणि परत रंगवलेल्या भागावर आधी मोजल्याशिवाय नाही. मला वाटतं त्यावरच काम मिळालं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नोकरीत गेल्यावर कळतं आणि माझ्यासारख्या हौशी पोरांना मला हेच सांगायचंय. घरी एका गाडीला दोन दिवस देता येतात, इथे नवीन गाडी ट्रेलरवरून घाट उतरून येते, यार्डात धूळ खात उभी राहते, आणि गिऱ्हाईक पेढे घेऊन चारचा मुहूर्त गाठायला आलेलं असतं. पीडीआय, म्हणजे गिऱ्हाइकाला द्यायच्या आधीची तपासणी, झालेली गाडी तासाभरात तयार पाहिजे. पाडव्याला दसऱ्याला तर रांग लागते, एका गाडीची काच पुसेपर्यंत दुसरीचा हार आलेला असतो. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आणि पाठोपाठ दसरा दिवाळी, तेव्हा जेवायला पण वेळ नव्हता. ज्याला एकेक दार चाटूनपुसून करण्यातच मजा वाटते त्याने शोरूममध्ये जाऊ नये, स्वतःचं छोटं सेंटर टाकावं. मला घाईतलं काम पण आवडतं, म्हणून टिकलो. घरची गाडी मात्र आता महिना महिना तशीच असते, बायको बोलते.

आता शोरूमवाल्यांबद्दल. हे लोक डिटेलिंग करणाऱ्या पोराला कागदावर वॉशिंग हेल्पर दाखवतात, बऱ्याचदा कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि त्याच पोराच्या हातून सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसवायचा काचेसारखा संरक्षक थर) करून घेऊन गिऱ्हाइकाकडून हजारांत पैसे घेतात. कोटिंग विकणाऱ्याला इन्सेन्टिव्ह, लावणाऱ्याला काही नाही. विकताना काय वाट्टेल ते सांगतात, 9एच आहे, दगड लागला तरी ओरखडा नाही म्हणे. 9एच ही पेन्सिलच्या कडकपणाच्या टेस्टमधली पायरी आहे, दगडाचा काय संबंध. मग गिऱ्हाईक सहा महिन्यांनी भांडायला येतं ते आमच्याकडे वॉशिंगला, सेल्सवाला केबिनमध्ये एसीत. आणि खाली जाळी तशीच ठेवून वर कोटिंग मारलं की जाळी पण काचेखाली ठेवल्यासारखी जपली जाते, त्यामुळे आधी पॉलिशला वेळ द्या म्हटलं तर द्यायचा नाही.

खरं तर डिटेलर शोरूमला दुसरीकडे पैसे वाचवून देतो. कंपनीतून आलेल्या गाडीचा रंग एकूण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास असतो, रंग मोजायचं मीटर लावलं आणि एका दारावर तीनशे चारशे आलं की ते दार रंगवलंय, त्याहून फार वर गेलं तर खाली पुटिंग (खड्डा भरायची लांबी) आहे. एक्स्चेंजची गाडी घेताना ठोकलेली गाडी चांगल्या भावात गळ्यात पडत नाही ती अशी. माझं हे काम कागदावर कुठेच नाही, पण एक्स्चेंजवाले गाडी आली की मलाच हाक मारतात.

जाणाऱ्या पोरांनी लाजू नये, पहिल्याच दिवशी विचारावं. नियुक्तीपत्र मिळणार का, पदाचं नाव काय लिहिणार, मशिन आणि पॅड कोणाचे, कोटिंगमागे किती. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायला सांगितलंय. 20 किंवा जास्त माणसं असतील तिथे पीएफ लागतो, सहसा तुमचे 12 टक्के आणि मालकाचे 12 टक्के, कॉन्ट्रॅक्टरकडून असलात तरी. कापलेले पैसे भरले जातात का ते मोबाइलवर पासबुकात दिसतं, दर महिन्याला बघत जा. ग्लोव्हज आणि मास्क पण मागा, चाकावरचा लोखंडी कीस काढायचं जे जांभळं होणारं केमिकल असतं त्याचा वास घेऊन डोकं धरतं आणि बंद शेडमध्ये तर जास्तच.

आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीच्या शोरूम मालकांपैकी कोणी हे वाचत असेल तर एवढंच, बाहेरून कोल्हापूर-पुण्याचा माणूस जास्त पगार देऊन आणता, तो पहिला पावसाळा बघून परत जातो. वाडीवाडीत मशिन घेऊन बसलेली पोरं आहेत. त्यांना बोलवा, अर्ध्या बॉनेटवर टेप लावा आणि जमलं तर पत्रावर डिटेलर लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग