सामन्याचा सराव रेंजवरच करू द्या : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

नेमबाजीत तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले. कोल्हापूर जिल्ह्याची ही नावे आपल्याला ठाऊक आहेतच. त्यांच्या मागून येणाऱ्या आम्हा नेमबाजांची मागणी नव्या रेंजची किंवा वाढीव निधीची नाही. स्पर्धेत जे करावे लागते, ते आहे त्याच रेंजवर करू द्यावे, एवढीच आहे.

मी २५ मीटर पिस्तूल प्रकारात खेळते. यातील प्रिसिजन, म्हणजे सावकाश अचूक नेमाच्या भागात पाच गोळ्यांच्या मालिकेला पाच मिनिटे मिळतात, त्यामुळे घाई नसते. रॅपिड, म्हणजे झटपट भागाचे तसे नाही. तिथे पिस्तुलाचा हात ४५ अंशांपर्यंत खाली ठेवून उभे राहायचे, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची, हात पुन्हा खाली आणायचा, सात सेकंद थांबायचे, आणि असे पाच वेळा करायचे. सगळे कसब हात वर येण्याच्या लयीत आहे. तो दर वेळी सारख्याच वेगाने वर आला आणि ट्रिगरवरचा सुरुवातीचा दाब वाटेतच दिला गेला, तर नेम स्थिरावायला वेळ उरतो. नाहीतर शेवटच्या क्षणी ट्रिगर हिसकला जातो आणि गोळी खाली डावीकडे जाते.

आम्ही सराव करतो त्या रेंजवर पिस्तुलाची नळी सदैव लक्ष्याच्या रेषेतच हवी, पिस्तुलात एका वेळी एकच काडतूस भरावे आणि प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल टेबलावर ठेवावे, असे नियम आहेत. म्हणजे स्पर्धेच्या नियमपुस्तिकेने जी स्थिती सक्तीची केली आहे, तीच इथे नियमभंग ठरते. पाच गोळ्यांची सलग मालिका आम्हाला करता येते ती थेट स्पर्धेत. आखाड्यात उतरणाऱ्या मल्लाला तालमीत जोर-बैठका मारू द्यायच्या, पण जोड धरू द्यायची नाही, असा हा प्रकार आहे, आणि कोल्हापुरात याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेम्बांगला झालेल्या अंतिम फेरीत राही सरनोबत आणि थायलंडच्या नेमबाज यांचे गुण सारखे झाले होते आणि निकालासाठी दोनदा शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारी जादा फेरी, घ्यावा लागला होता. शूट-ऑफमध्ये याच रॅपिड पद्धतीने गोळ्या झाडायच्या असतात.

रायफलवाल्यांची अडचण वेगळी, पण त्याच जातीची आहे. ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावा लागतो, आणि एका स्थितीतून दुसरीत जाताना वेळ कसा वाचवायचा हा त्या खेळाचाच भाग आहे. इथे स्थिती बदलणे म्हणजे जागा सोडणे असे धरले जाते आणि रायफल पेटीत ठेवावी लागते.

मला सर्वांत अन्यायाची वाटते ती ड्राय प्रॅक्टिसवरील बंदी. रिकाम्या पिस्तुलाने हात उचलण्याचा आणि ट्रिगर दाबण्याचा हा सराव काडतूस खर्च न करता होतो. ज्यांच्याकडे स्वतःचे शस्त्र आणि परवाना आहे, ते तो घरी करू शकतात. क्लबच्या शस्त्रावर शिकणाऱ्या मुलामुलींना ते शस्त्र घरी नेता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी रेंज हीच एक जागा उरते, आणि तिथेही मनाई. स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. त्यांच्यासारखी ग्रामीण भागातील मुले पुढे यावीत असे शासनाला वाटत असेल, तर हा नियम त्याच्या नेमका विरुद्ध जातो.

हे नियम कोणी उगाच केले आहेत, असे मी म्हणत नाही. पॉइंट टू टू (.२२) या लहान व्यासाच्या काडतुसाची गोळी एक किलोमीटरहून लांब जाऊ शकते, आणि पहिल्यांदाच पिस्तूल हातात घेणाऱ्याला एकच काडतूस देणे शहाणपणाचेच आहे. परंतु नवशिक्या आणि राज्य स्पर्धेत खेळलेला नेमबाज यांना एकाच मापाने मोजण्यात सुरक्षितता वाढत नाही, देखरेख करणाऱ्यांची सोय तेवढी होते. पोलीस पडताळणी करून ज्याला शासनानेच परवाना दिला आहे, त्याच्यावर रेंज ऑफिसर (रेंजवर हुकूम देणारा आणि देखरेख करणारा) शेजारी उभा असतानाही पाच काडतुसांचा विश्वास ठेवू नये, हे मला समजत नाही.

म्हणून विनंती अशी की, शासकीय व निमशासकीय रेंजसाठी क्रीडा विभागाने एक लेखी नियमावली काढावी. स्पर्धा खेळलेल्या नेमबाजांसाठी आठवड्यातून किमान दोन सत्रे राखून ठेवावीत आणि त्या सत्रांत पात्र रेंज ऑफिसरच्या हुकमावर, स्पर्धेच्या नियमांप्रमाणे पूर्ण मालिका व स्थितीबदल करू द्यावेत. शस्त्र रिकामे असल्याची तपासणी करून ड्राय प्रॅक्टिससाठी एखादी लेन (एका नेमबाजाची जागा) रोज मोकळी ठेवावी. रेंज ऑफिसरच्या मानधनाची अडचण असेल, तर त्या सत्रांपुरते ते आम्ही नेमबाज वर्गणी काढून देऊ. तशी तरतूदही नियमावलीत करावी.

आपली विश्वासू,
कोल्हापुरातील एक पिस्तूल नेमबाज