रविवारची सुट्टी आयत्या वेळी काढून घेऊ नका

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या स्टोअर विभागात गेली 19 वर्षे नोकरी करते आणि फोंडा तालुक्यात राहते. नोकरदाराने कामातला उत्साह कसा टिकवावा या विषयावर अलीकडे व्याख्याने पुष्कळ होतात. आमच्याकडेही बाहेरून वक्ते बोलावून अशी सत्रे घेतली गेली आहेत. मनाची तयारी कशी करावी, सकाळी उठून काय करावे, हे त्यांत सांगितले जाते. परंतु ज्या दिवशी मनाला आणि शरीराला विसावा मिळायचा, तो दिवस मुळात आपल्या हाती राहतो की नाही, याबद्दल कोणी बोलत नाही. त्याविषयी माझा अनुभव आणि एक मागणी आपल्या वाचकांपुढे ठेवावी म्हणून हे पत्र लिहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. एकाच कच्च्या मालाच्या दोन बॅच एकाच दिवशी आल्या होत्या. जीआरएन, म्हणजे आलेल्या मालाची पावती, करताना मी त्यांचे बॅच नंबर उलटसुलट नोंदवले, बिन कार्डांवरही (मालाच्या कप्प्यावर लावलेल्या नोंदपत्रांवरही) तेच उतरले, आणि तपासणी पूर्ण न झालेली पोती उत्पादन विभागाला दिली गेली. तिथल्या पर्यवेक्षकाच्या वेळीच ध्यानात आले म्हणून माल न वापरता परत आला, पण अर्धी पाळी यंत्र बंद राहिले. इतक्या वर्षांत माझ्याकडून असे कधी घडले नव्हते. खुलासा लिहायला बसले तेव्हा मी कॅलेंडर पुढे घेतले. त्याआधीच्या सहा रविवारांपैकी चार रविवार मी कामावर होते, आणि चारही वेळा ते मला शनिवारी संध्याकाळी घरी परतताना बसमध्ये फोनवर कळले होते. बदली सुट्टी मिळाली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ती मंगळवारी किंवा गुरुवारी, तीही आदल्या रात्री सांगून. घरातली सगळी माणसे शाळेत किंवा कामावर गेलेली असताना मिळालेल्या अशा सुट्टीत साचलेले कपडे धुतले जातात, दुपारी झोप लागते आणि दिवस मावळतो.

त्या महिन्यांत माझे खाणेही बिघडले होते. संध्याकाळी उतरले की मिरची भजी आणि पाव बांधून घ्यायचे आणि रात्री उशिरा जेवायचे, असा परिपाठ पडला. भजी-पाव हे आपल्या गोव्याचे अस्सल खाणे आहे आणि पावसात त्याच्यासारखे दुसरे सुख नाही. मात्र भूक लागली म्हणून खाणे वेगळे आणि दिवस आपला झाला नाही या चुटपुटीने खाणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचे खाणे कधी पुरत नाही. वजन वाढले, झोप उडाली आणि सोमवारी रजिस्टर उघडायचे जिवावर येऊ लागले.

चुकीनंतर सुधारण्याचा पहिला प्रयत्नही मी चुकीच्या मार्गाने केला. सत्तरी तालुक्यातल्या दोन दिवसांच्या एका खडतर पदभ्रमणात नाव घातले आणि त्याच आठवड्यापासून भात, मासे, नारळ सगळे बंद करून उकडलेल्या भाज्यांवर राहिले. जंगल सुंदर होते, सोबतची मंडळीही चांगली होती. पण जळवांनी भरलेल्या वाटेवरून पहिल्या दिवशी सात-आठ तास चालल्यावर माझे पाय जे आखडले ते पुढच्या बुधवारपर्यंत सुटले नाहीत. सोमवारी मला वरच्या कप्प्यातली फाईलसुद्धा काढता येईना. महिन्याभरात पथ्यही सुटले आणि डोंगरही सुटला. चार-पाच महिने काहीच न करता एका दमात सगळे भरून काढायला गेल्याचा तो परिणाम होता.

त्यानंतर जमले ते अगदी साध्या गोष्टीमुळे. बोरीच्या सिद्धनाथ डोंगरावर आम्ही चौघीजणी एक रविवार सोडून एक रविवार जाऊ लागलो. दोघी माझ्या विभागातल्या, एक माझी धाकटी जाऊ. सकाळी सहाला निघायचे, वर देवळात नमस्कार करायचा, जुवारी नदीकडे पाहत थोडा वेळ बसायचे आणि ऊन चढण्यापूर्वी किंवा पाऊस वाढण्यापूर्वी खाली यायचे. याला साहस म्हणावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला मात्र पहिल्या दिवशी मध्यावर थांबावे लागले होते आणि आता लागत नाही. धुके नदीवरून उठताना बोरीचा पूल आधी अर्धाच दिसतो आणि मग हळूहळू पूर्ण होतो. तेवढा वेळ आमच्यापैकी कोणीही फोन बाहेर काढत नाही.

आणि घरी आल्यावर पेज. उकडे तांदूळ आदल्या रात्री भिजत घातलेले असतात. सासूबाई सकाळी ते शिजवून टोप झाकून ठेवतात. आम्ही पोहोचतो तेव्हा पेज हाताला सोसेल इतकी गरम असते. तिच्यावर मीठ, शेजारी खारातली तोरे, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या, आणि मासेमारी बंदीच्या 61 दिवसांत, म्हणजे 1 जून ते 31 जुलैपर्यंत, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरे घातलेली कोशिंबीर. श्रावण लागला की बांगडा जातो आणि अळसांद्यांचे (चवळीसारख्या कडधान्याचे) तोणाक, म्हणजे रस्सा, येते. घाम गाळून आलेल्या माणसाला पाणी, मीठ आणि सहज पचणारा भात एकाच वाटीत मिळतो; शेतातून दहा-अकराला परतणाऱ्यांसाठी आपल्या वाडवडिलांनी ही वेळ आणि हा पदार्थ उगाच ठरवला नव्हता. शहाळे, सरबते आणि डबाबंद पेये या सगळ्यांपेक्षा मला त्या पेजेने बरे वाटते. ती पोटभर खाऊनही दुपारी सुस्ती येत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिणे आवश्यक वाटते. सुट्टीच्या दिवशी घरचे, मनाजोगे जेवण हवे, असे आपण सगळेच म्हणतो, पण ते करणारी बहुतेक घरांत नोकरी करणारी बाईच असते. रविवारी मासळी आणणे, ती साफ करणे, नारळ खवणे, हुमणाचे, म्हणजे माशांच्या आमटीचे, वाटप, भात, तळलेले मासे आणि सोलकढी हे सगळे व्हायचे तर तिचा दिवस स्वयंपाकघरातच संपतो. तिने डोंगर केव्हा चढायचा? आमच्या घरी डोंगराच्या रविवारी सकाळी पेज आणि दुपारी काल रात्रीचेच काहीतरी, असे ठरले तेव्हाच माझे जाणे सुरू झाले. सासूबाईंनी ते आपणहून सुचवले, म्हणून त्यांचे ऋण मी इथे जाहीरपणे मानते. हुमण-शीत पुढच्या रविवारी होते आणि पंधरा दिवसांनी झाले म्हणून त्याची गोडी वाढलीच आहे.

डोंगर आणि अन्न यांचा संबंध गोव्यात नवा नाही. चतुर्थीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळांच्या छताचे, सामान आणायला आमचे वडील आणि काका रानात जात, तेव्हा मीही त्यांच्यामागून गेलेली आहे. कवंडळे, घागऱ्यो, कांगणे शोधत अर्धा दिवस डोंगर पालथा घातला जाई आणि परतल्यावर अशीच पेज वाढली जाई. त्यासाठी कोणाला बूट किंवा विशेष पोशाख घ्यावा लागला नाही. त्या फेरीला ठरलेला दिवस मात्र असे, आणि त्या दिवशी कोणी त्यांना कामावर बोलावत नसे.

धबधब्यांविषयी थोडेसे. जुलै 2023 मध्ये नेत्रावळीच्या मैनापी धबधब्यावर दोघांचा बुडून मृत्यू झाला आणि त्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर बंदी आली. ती मला अन्यायाची वाटली नाही. दूधसागरला रेल्वे रुळांवरून चालत जाण्याची मनाई तर सर्वांच्याच भल्याची आहे. परंतु ज्याच्या हाती वर्षातून एखादाच मोकळा रविवार येतो, तो त्या एका दिवसात सर्वात मोठा धबधबा, सर्वात अवघड वाट आणि सर्वात जड जेवण हे सगळे उरकू पाहतो, असे मी माझ्या सहकाऱ्यांत पाहिले आहे. ज्याला पुढचा रविवारही आपलाच आहे याची खात्री असते, तो पाऊस वाढला तर निमूटपणे परत फिरतो.

आता मागणी. 1948 च्या कारखाना अधिनियमात कलम 52 अन्वये साप्ताहिक सुट्टी रविवारी देण्याची आणि रविवारी काम घ्यायचे असल्यास आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी देण्याची तरतूद होती; त्याचबरोबर तशी सूचना आगाऊ निरीक्षकांकडे देऊन कारखान्यात लावण्याची अटही त्याच कलमात होती. 250 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांसाठी कँटीन आणि दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवसाची भरपगारी रजा यांचीही सोय त्याच कायद्याने केली होती. म्हणजे विसावा आणि अन्न ही कामाचीच अंगे आहेत, हे कायदा करणाऱ्यांनी फार पूर्वी ओळखले होते. कामगार कायद्यांच्या नव्या संहिता झाल्या, तरी त्यामागचा हा विचार जुना होत नाही. प्रत्यक्षात स्टोअर, लेखा, डिस्पॅच अशा विभागांत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना ‘स्टाफ’ म्हणून त्या सूचनाफलकाच्या बाहेर ठेवले जाते आणि शनिवारच्या संध्याकाळचा फोन हीच आमची सूचना ठरते.

माल अचानक येतो, ऑर्डर अचानक निघते, असे यावर उत्तर मिळते. उत्पादनाविषयी मी बोलणार नाही, पण माल येण्याविषयी बोलण्याचा मला अधिकार आहे. गुजरातमधल्या वापी किंवा अंकलेश्वरहून निघालेला ट्रक कुंडईच्या गेटवर एका रात्रीत उभा राहत नाही. माल हलण्यापूर्वी ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन परवाना, तयार झालेले असते, त्याची मुदत दर 200 किलोमीटरला 1 दिवस अशी धरलेली असते, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला फोन केला तर गाडी कुठे आहे हे तो सांगतो. रविवारी येणारी गाडी गुरुवारी किंवा शुक्रवारी कळू शकते. ती शनिवारी संध्याकाळी कळते, याचे कारण त्याआधी कोणी विचारलेले नसते. यंदा आमच्या विभागाने हे काम आपल्याकडे घेतले. दर गुरुवारी दुपारी आम्ही वाटेतल्या गाड्यांची यादी करतो आणि रविवारी कोणी यायचे हे शुक्रवारी सकाळी फळ्यावर लिहितो. पाळी आळीपाळीने लागते. मार्चपासून आजपर्यंत एकदाच आयत्या वेळी बोलावणे आले, आणि ते घाटात दरड कोसळून अडकलेल्या गाडीमुळे होते, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

ही व्यवस्था करायला कारखान्याला एक पैसाही खर्च आला नाही. म्हणून गोव्यातील उद्योजकांच्या संघटनांनी आणि कामगार खात्याने अशी किमान दोन दिवस आधीची सूचना सर्व कर्मचाऱ्यांसाठी, मग ते कामगार असोत की स्टाफ, नियम म्हणून लागू करण्याचा विचार करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कमी पगार, कंत्राटी नेमणुका, बढतीतले अन्याय यांवर डोंगर आणि पेज हा उपाय नाही, हे मी जाणते. त्यांच्यासाठी वेगळे लढावे लागेल. पण डोंगरावर जाऊन आलेल्या सोमवारी माझी प्रलंबित चलने सकाळी अकराच्या आत हातावेगळी होतात, आणि दोन वर्षांत बॅच नंबरची एकही चूक माझ्या नोंदीत निघालेली नाही. व्यवस्थापनाला पटण्यासाठी एवढा हिशेब पुरेसा असावा.

हॉटेलांत आणि इस्पितळांत काम करणाऱ्यांची स्थिती आमच्याहून कठीण आहे, कारण त्यांचा रविवारच कामाचा असतो. ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामात हॉटेलातल्या माणसाला मोकळा दिवस मिळणे दुरापास्त, आणि पावसाळ्यात कामाचा भार उतरतो तेव्हा कित्येकांची नोकरीच स्थगित होते. त्यांच्यापैकी कोणी आपल्या पाळ्यांचे आणि सुट्ट्यांचे अनुभव आपल्या वृत्तपत्राकडे लिहून पाठवले, तर त्यांनाही आपण जागा द्यावी.

कळावे.

आपली विश्वासू,
एक नोकरदार वाचक,
फोंडा, गोवा