पितळ म्हणून मोडीत देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार,

दिवाळी जवळ आली की आमच्या समुद्रपूर तालुक्यात घरोघरी माळे साफ होतात अन् भंगारवाल्याची गाडी गल्लीत येऊन उभी राहते, म्हणून हे पत्र आत्ताच लिहून राहिलो. मागच्या वर्षी चुलत भावाकडं वाटणी झाली, जुनी भांडी निघाली, गुंड, घंगाळ, पराती, सगळं पोत्यात, आणि त्यातच एक पंख्याच्या आकाराचं पितळी यंत्र होतं, त्याला दोन छोटे आरसे, रंगीत काचा अन् एक बारीकशी दुर्बीण. हे कायचं होय विचारलं तर भंगारवाला म्हणे, "काही नाही भाऊ, पितळ होय, आरसे काढून फेकू, वजनात जाईल." मी त्याच भंगाराच्या दरानं पैसे मोजले अन् घरी आणलं.

ते जहाजावरचं सेक्स्टंट निघालं. आमचे आबाजी तरुणपणी मुंबईच्या गोदीत कामाला होते, तिकडूनच आलं असणार. त्याची लाकडी पेटी मात्र पार आधीच चुलीत गेली होती, आणि याचं मला फार वाईट वाटते, कारण अशा पेटीच्या झाकणाला आतून बरेचदा कारागिराचं लेबल अन् तपासणीचं सर्टिफिकेट चिकटवलेलं असते.

हे यंत्र सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे ते मोजते. १७३१ मध्ये इंग्लंडात जॉन हॅडलीनं दोन आरशांची युक्ती दाखवली, १७५७ च्या सुमारास कॅम्पबेल नावाच्या नौदल अधिकाऱ्यामुळं त्याचं सेक्स्टंट झालं. खालची कमान वर्तुळाच्या सहाव्या हिश्श्याची, म्हणजे ६० अंशाची, पण आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश वळतो म्हणून तिच्यावर आकडे १२० पर्यंत असतात. जहाज कितीही हलो, आरशातला सूर्य अन् समोरचं क्षितिज सोबतच हलतात, एकमेकाला सोडत नाहीत, त्यामुळं डोलत्या डेकवर उभं राहूनही माप घेता येते. कमानीवर चांदीची पट्टी बसवलेली असते, तिच्यावर केसासारख्या रेघा, आणि एक मिनिटाची, म्हणजे अंशाच्या साठाव्या हिश्श्याची चूक झाली तर समुद्रात जवळपास पावणेदोन-दोन किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून त्या रेघाच यंत्राचा जीव.

आणि आमच्या यंत्राच्या १५ ते ३० मधल्या रेघा पुसल्या गेल्यात. काकू दर दिवाळीला चिंच अन् राख लावून घासत होत्या, त्यांचा दोष नाही, पितळ चकाकलं पाहिजे हेच आपण सगळे शिकलो. पण उत्तर गोलार्धात ध्रुवतारा जितके अंश वर दिसतो जवळपास तितकाच त्या जागेचा अक्षांश, आपल्या भागाचा साडेवीस, म्हणजे नेमका आपलाच आकडा घासून गेला.

कोणी म्हणेल विदर्भात समुद्र कुठं, याचं इथं काय काम. अहो, बाजूच्या हिंगणघाटात विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. १८०२ मध्ये मद्रासहून त्यानं अख्खा देश कोनाकोनानं मोजायला सुरुवात केली, अर्ध्या टनाचं थिओडोलाइट नावाचं कोन मोजायचं यंत्र माणसांकडून डोंगरावर चढवलं, अन् नागपूरकडं जाताना जानेवारी १८२३ मध्ये इथंच वारला. थिओडोलाइट जमिनीवरचं, सेक्स्टंट समुद्रावरचं, पण दोघांचं काम कोन मोजायचंच.

क्षितिज झाडं-घरांमागं लपते तर ताटात तेल ओतून सूर्याचं प्रतिबिंब घेता येते, मग कोन दुप्पट येतो. २२ डिसेंबरला भर दुपारी अंगणात करून पाहिलं, गडद काचा लावूनच, त्या फुटल्या असतील तर सूर्याकडं चुकूनही बघू नका. ९२ अंशाच्या आसपास आले, निम्मे ४६, नव्वदातून गेले ४४, सूर्य त्या दिवशी साडेतेवीस अंश दक्षिणेला असतो ते वजा केले, उरले साडेवीस! अंगणातच उभा राहिलो बराच वेळ.

म्हणून विनंती एवढीच की रेघा, आरसे, आकडे असलेलं काहीही पितळी निघालं तर घासू नका, किलोनं देऊ नका, नागपूरला अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात नेऊन दाखवा. गावात फिरणाऱ्या अँटिकवाल्यालाही घाईत देऊ नका, १०० वर्षांवरची वस्तू १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरू शकते अन् ती देशाबाहेर विकायला मनाई आहे. आणि हो, बाजारात नवीन पितळाला काळा रंग देऊन जुनं म्हणून विकतात, त्यालाही भुलू नका.

येत्या २२ डिसेंबरला हे यंत्र आणि तेलाचं ताट घेऊन मी हिंगणघाटला जाणार आहे. ज्या शाळेला पोरं पाठवायची त्यांनी पाठवावी, सूर्य माथ्यावर यायच्या अर्धा तास आधी.

आपला एक वाचक,
तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा