‘आठवड्यानं दाखवा’, आणि त्यानंतर?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील.

मण्यांत पाणी उतरलं की बागेवर बुलबुल आणि पोपटांचे थवे येतात. डबे वाजवून झाले, चमकत्या पट्ट्या बांधून झाल्या की आमच्यातले काही जण एअर गन काढतात. पाखरं मारायला नाही, उठवायला, असं आम्ही म्हणतो. छर्रा मात्र घालतोच. माझी बंदूक जुनी, नळी मोडून स्प्रिंग ताणायची. घोड्याची आतली खाच झिजली होती आणि ती दोनदा आपोआप सुटलीही होती. तरी वापरत होतो. गेल्या वर्षी जानेवारीत छर्रा घालून नळी बंद केली आणि बोट न लावता ती तिसऱ्यांदा सुटली. छर्रा मांडवाच्या लोखंडी अँगलवर आपटून उडाला, तो ओळीच्या टोकाला उभ्या असलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या डोळ्यावर बसला. त्याचे आईवडील सुरगाण्याकडून आमच्याकडे कामाला येतात.

दवाखान्यात विचारलं, कशानं लागलं? मी म्हणालो, काठीनं. पोलीस केसची भीती. मुलाचा बाप गप्प राहिला. माझ्यासमोर तो काय बोलणार? अर्ध्या तासानं मलाच राहवलं नाही. खरं सांगितल्यावर डॉक्टर चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. छर्रा म्हटलं की एक्स-रे काढावाच लागतो. आत राहिलेला छर्रा लोखंडी असेल तर तो हळूहळू डोळ्याचा पडदा नासवतो, आणि पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर यंत्राच्या चुंबकानं जागचा हलू शकतो. शिशाचा छर्रा सांध्यात अडकला तर शिसं विरघळून रक्तात उतरतं. काठी म्हणून कागद झाला असता तर यातलं काहीच कुणी पाहिलं नसतं.

आत काही नव्हतं. बुबुळापुढे रक्त साचलं होतं. डोकं उंच ठेवून झोपवलं, थेंब घातले, पुन्हा रक्त सुटेल या भीतीनं पाच दिवस ठेवून घेतलं. नजर परत आली. पैसाही लागला नाही, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. त्या पाच दिवसांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

तक्रार सहाव्या दिवसापासूनची आहे. कार्डावर लिहिलं होतं, ‘आठवड्यानं दाखवा’. एकदा दाखवलं. मग उन्हाळ्यातली खरड छाटणी आटोपून ती माणसं गावी गेली. सुरगाणा नाशिकपासून ९० किलोमीटरच्या आसपास, पाडा त्याच्याही आत. पोराला दिसत होतं, दुखत नव्हतं. डोळा बरा झाला असंच सगळ्यांनी धरलं, मीसुद्धा.

पावसाळा सरताना गोडी छाटणीला ती परत आली तेव्हा मी त्याला सहज एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्याचा दाब ३४ निघाला. २१ च्या आत हवा. डॉक्टरांनी समजावलं ते असं : मार बसला की डोळ्यातलं पाणी जिथून झिरपतं तो कोन फाटू शकतो. रक्त विरलं तरी कोन तसाच राहतो. मग दाब काही महिन्यांनी वाढू शकतो, कधी दहा वर्षांनी. आधी कडेची नजर जाते आणि दुसरा डोळा ठीक असल्यानं मुलाला पत्ताही लागत नाही. म्हणून महिना-दीड महिन्यानं भिंग लावून तो कोन पाहायचा आणि पुढे वर्षातून एकदा तरी दाब मोजायचा. जन्मभर. हे आम्हाला जानेवारीत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर त्या गडबडीत कानावरून गेलं. कार्डावर तरी नव्हतं.

साहेब, ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून नोंद नाही, आणि जखमी माणूस काठी, दगड, फांदी असं सांगून नोंदीतून आणखी एकदा निसटतो. २०२७ च्या सिंहस्थात फुगे फोडायचे किती स्टॉल लागतील आणि त्यांच्या बंदुकांचे घोडे कोण तपासणार, हा गृहखात्याचा प्रश्न म्हणून मी सोडून देतो.

आपल्या खात्यापाशी माझं मागणं लहान आहे. छर्ऱ्यानं दुखावलेल्याच्या कार्डावर छर्रा निघाला की आत आहे, कुठे आहे, कशाचा आहे, आणि डोळा असेल तर दाब कधी मोजायचा, हे मराठीत लिहा. तीच नोंद गावच्या आशाताईकडे जाऊ द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतंच. त्यांच्या हातात अशा मुलांची नावं असली तर ती पुढे ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यापर्यंत पोचतील. नवं पद नको, नवी इमारत नको. महात्मा फुले योजनेच्या यादीत ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा सेवा होत्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरही रुग्ण सरकारचाच राहतो हे आपल्या खात्यानं मानलेलं आहे. ज्याच्यावर शस्त्रक्रियाच झाली नाही, नुसती पाच दिवस उशी उंच केली, त्याला मात्र कुणी बोलावत नाही. आणि खरं कारण सांगितलं म्हणून गरीब माणूस अडकणार नाही, एवढं डॉक्टरांनी पहिल्याच मिनिटाला सांगावं.

बंदूक मी लोहाराकडून चेपून आणली. बायको म्हणाली, तीन वर्षं आधी केलं असतं तर.

मुलाचा दाब थेंबांवर आता १८ आहे. थेंबांची उघडलेली बाटली महिनाभरच चालते, म्हणून दर महिन्याला सुरगाण्याच्या एसटीत कंडक्टरकडे नवी देतो. त्याच्या आश्रमशाळेचा शिपाई ती स्टँडवरून उचलतो. या वेळी गाडी रद्द झाली आणि बाटली माझ्या फ्रीजमध्येच आहे. उद्या पहाटे मोटारसायकलवर निघतोय.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. दिंडोरी, जि. नाशिक